थंडी सुटली नव्हती

केनवडच्या तुळशीराम अंभोरेच्या हातून त्या दिवशी थंडी सुटली नव्हती. हे वाक्य मी चाळीसेक वर्षांपूर्वी एका माणसासमोर उभं राहून बोलायला हवं होतं. अर्धं मिनिट लागलं असतं. बोललो नाही, म्हणून आता त्याच्याबद्दल एवढं सगळं लिहावं लागत आहे.

थंडी सुटणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. तुळशीराम आणि मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होतो. तिथे आम्ही साखरा जोडायचो. चहातली साखर नव्हे. क्षयाच्या जंतूभोवती जी भिंत असते तिच्यात एका निराळ्याच साखरेच्या साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाचा सहा कड्यांचा तुकडा आम्हाला बाटलीत बनवायचा होता. कडीला कडी दोन बाजूंनी जोडली जाऊ शकते. एक बाजू मोकळी, एक अडचणीची. जंतू शेवटच्या दोन कड्या नेमक्या अडचणीच्या बाजूने जोडतो, आणि माणसाने जोडायला घेतल्या की त्या मोकळ्या बाजूने जाऊन बसतात, नाहीतर अर्ध्या इकडून, अर्ध्या तिकडून. वजन दोन्हींचं सारखंच भरतं, डोळ्यांना फरक दिसत नाही. पण जंतूच्या भिंतीत खरा तो एकच. तुळशीरामने कडीला असं बांधून घेण्याची युक्ती काढली होती की ती अडचणीच्या बाजूनेच जुळावी. अट एकच : सगळं काम सुक्या बर्फाच्या कडक थंडीत, तासन्‌तास, थेंबाथेंबाने. थंडी जराशी सैल पडली की दोन्ही बाजूंची सरमिसळ झालीच म्हणून समजा. त्याला आम्ही थंडी सुटणं म्हणत असू.

आमची ओळख बोलण्यावरून झाली. नवा विद्यार्थी आलाय एवढंच मला ठाऊक होतं. भांडी धुण्याच्या मोरीपाशी तो एकटाच एका फ्लास्कशी बोलत होता, "काहून चिकटून राह्यला बे? निंघ ना आता." पुण्यात येऊन मला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात 'का'साठी आमचं वऱ्हाडी 'काहून' मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्या स्वतःच्याही नाही.

मी विचारलं, "कोणतं गाव?"

"केनवड. रिसोड तालुका." मग मला वरपासून खालपर्यंत पाहून, "काहून, वारंट आणलं काय?"

"मी कारंज्याचा."

"हात्तेरी! मंग मराठी अशी काहून बोलता, बातम्या दिल्यासारकी?"

मी त्याच्याहून मोठा आणि नोकरीत होतो. त्या दिवसापासून तो मला मधुभाऊ म्हणू लागला. साऱ्या प्रयोगशाळेत त्याच्याशी वऱ्हाडीत बोलणारा मी एकटा. त्यामुळे त्याला जे काही बोलायचं असे ते माझ्याशीच.

उंच, सडसडीत माणूस. पंजे रुंद, बोटांच्या पेरांवर घट्टे. काचेची बारीक नळी त्या पंजात गेली की दिसायचीच नाही. पण त्याच्या हातून एकही भांडं फुटल्याचं मला आठवत नाही. बर्फाच्या टोपल्याभोवती तो आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ गुंडाळून ठेवायचा. आमच्याकडे त्यासाठी परदेशी थर्माकोलची भांडी होती. त्याने दोन दिवस त्यांत थर्मामीटर घालून पाहिला आणि वाकळ आणली. वाकळीत बर्फ तासभर जास्त टिकतो हे त्याने वहीत लिहूनही ठेवलं होतं. सगळ्या विभागात औषधांचे वास आणि आमच्या कोपऱ्यात धुतलेल्या लुगड्याचा.

थेंब मोजायची त्याची एक पद्धत होती. पहिल्या थेंबाला तो 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन, चार. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात. माझ्या वडिलांची कारंज्याच्या बाजारात अडत होती, आमच्याकडेही तसंच म्हणत. तुळशीरामच्या बापाचा आणखी एक नियम होता : एकदा सुरू झालेली मोजणी मोडायची नाही. एक रास संपून दुसरी लागली तरी आकडा पुढेच चालायचा. तो नियम लेकाने परीक्षानळ्यांना लावला होता. एका कामाच्या नळ्या अठ्ठाविसाव्या नंबरला संपल्या, तर दुसऱ्या कामाची पहिली नळी एकोणतीस. बाकीचे हसायचे. मला ते घरचं वाटायचं. त्या घरच्या वाटण्याचं पुढे काय झालं ते सांगायचंच आहे.

एकदा दिल्लीहून काही पाहुणे आमचं काम पाहायला आले. आमचे प्रमुख, त्यांना सगळे मोठे सर म्हणत, तुळशीरामला आदल्या दिवशीच बजावून गेले होते की तुम्ही फक्त उभे राहा. पण पाहुण्यांतल्या एकाने सरळ त्यालाच विचारलं, या जंतूवर औषध लवकर लागू का पडत नाही? तुळशीरामने मोठ्या सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे.

"साहेब, पऱ्हाटीचा कुड पायला काय तुमी?" तो म्हणाला. "कापूस येचून झाला का झाडाच्या काड्या उरते. त्या उभ्या लावायच्या, आडव्या बांधायच्या, अन्‌ वरून शेण-मातीनं लिपायचं. पाणी आत जात नाही. याची भित बी तशीच हाय. साखरेच्या काड्या अन्‌ वरून मेणाचं लिंपन. लिंपन पाहून लोक भेतात. मी म्हनतो काड्या कशा बांधल्या थे पाहा. बंधन सुटलं का लिंपन खाली येते."

पाहुण्यांना निम्मे शब्द कळले नसावेत, पण ते माना डोलवत राहिले. जाताना मोठे सर त्याला म्हणाले, "अंभोरे, तुमची भाषा सुधारली पाहिजे." दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा वळले, "उदाहरण ठेवा."

सर वाईट नव्हते. कडक होते, आणि खोटेपणाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. म्हणूनच पुढचं सगळं झालं. सरांनी एकदा विचारलं होतं, कडी चुकीच्या बाजूने जाणारच नाही याची खात्री काय? तुळशीराम म्हणाला, "सर, उजवीकडं चालनारा बैल डावीकडं जुपून पाहा. थो जुवाले खांदाच देत नाही. आपुन साखरेले तशी सवय लावून देल्ली हाय." सर हसले होते. "हे पेपरात कसं लिहायचं, ते सांगा आता." त्या दिवशी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तुळशीराम संध्याकाळपर्यंत तो खांदा जरा वर उचलूनच वावरत होता.

आता ते सांगतो.

दोन वर्षं खपून त्याने पुरेसा कच्चा माल साठवला होता. शेवटची जोडणी एकदाच करता येईल एवढाच. थोडा माल त्याने जुन्या पद्धतीने जोडला, तुलनेसाठी, म्हणजे जुनं किती सरमिसळ देतं ते शेजारी ठेवून दाखवता यावं. उरलेला सगळा आपल्या पद्धतीने, वाकळीतल्या थंडीत. दोन्ही गाळून, शुद्ध करून, नळ्यांत धरले. नळ्या उभ्या ठेवायच्या दोन लाकडी घोड्यांवर दोन्हींच्या नळ्या शेजारी शेजारी. नंबर अर्थातच सलग.

तेवढ्यात केनवडहून निरोप आला की आई पडली, उठता येत नाही. बाप आधीच गेलेला, घरात दुसरं कुणी नाही. तो तासाभरात निघाला. माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेला : "मधुभाऊ, प्लेटीला तीन पाणी देऊन मगच नळ्या मिळवजा. घाई करू नका."

तीन पाणी हा त्याचा शब्द. पांढऱ्या थराच्या काचेच्या पट्टीवर नळीतला थेंब लावायचा आणि पट्टीचं टोक द्रावणात उभं करायचं. द्रावण वर चढतं, सोबत साखर चढते. मग पट्टी तापवली की साखर जळून डाग दिसतो. सारख्या साखरा सारख्याच चढतात. आमच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांचे तुकडे इतके सारखे की एकदा चढवलं तर डाग एकच दिसे. पट्टी वाळवून पुन्हा, आणि पुन्हा वाळवून तिसऱ्यांदा चढवली, तर ते वेगळे पडत. गव्हाला देतात तसं त्याला तीन पाणी लागतं, असं तो म्हणायचा. त्याला अख्खी दुपार जाते.

दुसऱ्या दिवशी कामाचा आढावा होता. मी एकच पाणी दिलं. पहिल्या नळीपासून शेवटच्या नळीपर्यंत एकच डाग, एकाच उंचीवर. नंबर सलग. त्याचा मोजणीचा नियम घाईत डोक्यात आलाच नाही; अडत्याच्या पोराला सलग नंबर म्हणजे एकाच मालकाचा एकच माल. मी दोन्ही घोड्यांवरच्या सगळ्या नळ्या एका फ्लास्कमध्ये ओतल्या.

मग त्यातला थेंब यंत्राला दिला; एका बाजूच्या जोडणीला यंत्र कागदावर एक शिखर काढतं. एका शिखराऐवजी दोन आली, एक उंच, एक ठेंगणं. मी कागद पाहिला, मग घोडे पाहिले. दोन होते. काय झालं ते त्याच क्षणी मला कळलं. मोठे सर मागे येऊन उभे होते. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "अंभोरेंनी थंडी सुटू दिली का?"

ते अर्धं मिनिट इथे होतं. मी म्हणालो, "तसंच दिसतंय, सर."

त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. हे कारण म्हणून सांगत आहे. सबब म्हणून नाही.

अकरा दिवसांनी तुळशीराम आला. आई काठी घेऊन चालू लागली होती. मोठ्या सरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. वर्षभरापूर्वी त्याने अगदी थोड्या मालावर एकच शिखर दाखवलं होतं, तो कागद सरांनी बाहेर काढला. "हा तुम्ही निवडून दाखवला होता. मिळालेलं नाही, निवडलेलं. याला आमच्या विद्येत काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे."

बाहेर जिन्यात त्याने मला गाठलं. "मधुभाऊ, तीन पाणी देल्लं होतं ना?"

"दिलं होतं."

तो खाली पायरीवर बसला. म्हणाला, "मंग माह्याच हातानं सुटली. त्या दिवशी बर्फ कमी पडला होता, म्या नवा आनाले खाली गेल्तो. पाच मिनिटं असन. थ्याच पाच मिनिटांत." आणि स्वतःशीच मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. माझा शब्द त्याला पुरला. त्याची चिठ्ठी माझ्या खिशात होती. खोलीवर जाऊन मी ती फाडली.

माल संपला होता, नवा द्यायला सर तयार नव्हते. महिन्याच्या आत तो गेला. प्रबंध अपुरा राहिला. गाडीवर पोचवायला मी गेलो होतो. तो माझं सांत्वन करत होता.

दोन वर्षांनी मी त्याच्याच पद्धतीने, त्याच्याच वहीवरून, नव्या मालावर ती जोडणी केली. एकच शिखर आलं. पेपर छापून आला, त्यावर मोठ्या सरांचं आणि माझं नाव. शेवटी आभाराच्या ओळीत एक वाक्य : सुरुवातीच्या कामात श्री. अंभोरे यांनी मदत केली. तेव्हा तरी सांगायचं. पण सांगितलं तर पेपर कुणाचा, हाही प्रश्न आला असता.

मग त्याचं पोस्टकार्ड आलं. कुणाला तरी सोबत म्हणून तो नागपूरला गेला होता, तिथल्या ग्रंथालयात त्याला तो अंक सापडला. पत्र त्याने पुस्तकी मराठीत लिहिलं होतं : "पद्धत बरोबर होती हे वाचून फार समाधान वाटले. शंका फक्त माझ्या हाताबद्दल होती, तीही फिटली. हाताहातात फरक असतो. तुमच्या हाताला यश आहे. आईची तब्येत ठीक."

माझं यश त्याच्या हाताच्या चुकीचा पुरावा झालं होतं. त्या कार्डाला मी उत्तर पाठवलं. 'तुझे पत्र मिळाले, आनंद झाला,' असं.

पुढची सगळी वर्षं तो केनवडला राहिला. रिसोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायन शिकवायचा, एसटीने जाऊन येऊन. लग्न केलं नाही. मी कारंज्याला घरी आलो की दोन-तीन वर्षांतून एकदा वाशीमवरून गाडी बदलून त्याच्याकडे जात असे. कशाला जात होतो, ते मलाही नीट सांगता येणार नाही. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो. दर वेळी तो असा काही आनंदून जायचा, की मी चहा पिऊन परत यायचो.

त्याच्या घराला लागून कौसाबाईचा मळा. नवरा-बायको मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावून केनवडच्या आणि रिसोडच्या बाजारात विकायची. तुळशीरामबद्दल मला जे कळायचं ते बरंचसं तिच्याकडून, आणि त्याच्यासमोरच. कारण ती कुणाच्या पाठीमागे बोलत नसे.

"तुमीच सांगा याइले," ती मला म्हणाली होती, "रोज सकाळी शाळेत जाताना मले हाका मारते. कौसाबाई, कुलूप लागलं का पाहा. म्हनलं सर, तुमीच लावलं, तुमीच ओढून पायलं, मी काय पाहू? तर म्हने, तुमी पाहा."

तुळशीराम हसला. "दुसऱ्याचा डोळा पाह्यजे."

"तुमच्या डोळ्याईले काय झालं?"

"डोळ्याले नाही," तो म्हणाला. "माह्यावर इस्वास नाही माहा."

तिने ते थट्टेत घेतलं. "घ्या! पोराइले मास्तरवर इस्वास अन्‌ मास्तरचा मास्तरवर नाही!"

मी चहाच्या कपात पाहत होतो.

त्याचं असं सगळ्यातच झालं होतं. दूध उतू जाईल म्हणून नव्हे, तर उतू गेलेलं आपल्याला दिसणार नाही म्हणून तो दूध तापवतच नसे. कौसाबाई तापवून द्यायची. महाविद्यालयात प्रात्यक्षिकाच्या वेळी नळीतला आकडा तो वाचायचा आणि लगेच एखाद्या मुलीला बोलावून म्हणायचा, तू वाच. दोघांचा जुळला तरच लिहायचा. एकदा बाहेरून आलेला परीक्षक वैतागून म्हणाला, "सर, पेपर मुलांचा आहे की तुमचा?" तुळशीराम शांतपणे म्हणाला, "माझा नापास झालेला आहे. म्हणून विचारतो." मुलं हसली. त्याच्या त्या सवयीमुळे त्याची मुलं मोजमापात फार पक्की निघाली, असं त्याच्या सहकाऱ्याने मला सांगितलं. पुढे शिकलेली दोघं-तिघं दिवाळीला भेटायला यायची. तो त्यांना शेंगदाणे-गूळ द्यायचा, त्यांच्या कामाचं बारीक विचारायचा. स्वतःच्या पुण्याच्या दिवसांबद्दल अवाक्षर नाही.

पण एक गोष्ट त्याच्या अंगाशी आली. गावात रसायनाचा जाणकार तो एकटा. सोयाबीनवर फवारणीच्या दिवसांत लोक डबे घेऊन त्याच्याकडे यायचे, किती पाण्यात किती घालायचं ते विचारायला. तो डब्यावरचं वाचून समजावून सांगायचा, तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या तोंडी उभे राहू नका, सगळं सांगायचा. पण माप हातात घ्यायचा नाही. एका म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, हात थरथरत होते. तो म्हणाला, "मास्तर, तुमीच ओता ना बाप्पा तेवढं."

"माह्या हातानं नाही."

"काहून? हात बाटते काय?"

"बाबा, मी शेजारच्याले बोलावतो, थो ओतीन."

म्हातारा डबा उचलून निघून गेला. गावात झालं की मास्तर लय शिकला, गरिबाच्या डब्याले हात लावत नाही. हळूहळू लोक यायचे कमी झाले. मी हे त्याच्या ओट्यावर बसून ऐकत होतो. तो सांगत होता ते तक्रार म्हणून नव्हे. "त्याइचं बी बरोबर हाय," एवढंच.

त्याच्या आईला मी दोनदा भेटलो. काठी टेकत बाहेर यायची, माझ्या पाया पडायला वाकायची, मी मागे सरायचो. गावात तेव्हा वेगळंच पसरलं होतं. पुण्याला साहेब बनायला गेला, काहीतरी लबाडी केली, हाकलून दिला. म्हातारीला ते कुणी ना कुणी ऐकवायचंच. दुसऱ्या भेटीत तुळशीराम पाणी आणायला आत गेला तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "भाऊ, तुमी संगं होते. माह्या पोरानं काही केलं होतं काय?"

"नाही आई," मी म्हणालो.

"मंग काहून काढलं?"

तुळशीराम तांब्या घेऊन बाहेर आला. मी तांब्या हातात घेतला आणि पाणी पीत राहिलो. पुढच्या वर्षी ती गेली.

निवृत्त होऊन मी कारंज्याला कायमचा आलो, त्याला बरीच वर्षं झाली. मोठे सर त्याआधीच गेले होते. मागच्या हिवाळ्यात इथल्या काही मंडळींनी माझा सत्कार ठेवला. निवेदकाने माझी ओळख करून देताना ते सहा कड्यांचं काम सगळ्यांत आधी सांगितलं. वऱ्हाडच्या मातीतल्या हातांनी क्षयाच्या जंतूची भिंत उभी केली, असं काहीतरी. टाळ्या झाल्या. मी उठून दुरुस्ती करू शकलो असतो. श्रीफळ घेतलं आणि बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने केनवडला गेलो.

तो आता वाकला आहे. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. माझ्या हातातही त्याने मूठभर शेंगा दिल्या. या वेळी मी चहा होऊ दिला नाही. बसल्या बसल्या सगळं सांगितलं. एकच पाणी दिलं ते, दोन घोडे, एक फ्लास्क, सरांचा प्रश्न, माझं उत्तर, जिन्यातलं खोटं, फाडलेली चिठ्ठी. त्याचे हात सोलत राहिले होते. चिठ्ठीपाशी थांबले.

"म्हंजे सुटली नव्हती?"

"नाही."

"बर्फ आनाले गेल्तो तरी?"

"तरी नाही. वाकळीत थंडी टिकली होती. तुझ्या पद्धतीच्या घोड्यावरच्या नळ्यांत एकच होतं, तुळशीराम."

कौसाबाई कुंपणावरून काहीतरी विचारून गेली. मग तो उठला, शेंगांची टोपली आत ठेवून आला आणि म्हणाला, "चला. तीनची गाडी हाय."

स्टँडपर्यंतच्या रस्त्यात तो माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. अर्ध्या वाटेत वळून म्हणाला, "मले थेंब मोजता येत होते." मी हो म्हणालो. पुन्हा चालू लागला. थोड्या वेळाने, पाठमोराच, "मायनं तुमाले इचारलं होतं. म्या आतून ऐकलं होतं. मले वाटे, भाऊ माह्यासाठी गप बसला. लपवून राह्यला माही चूक."

मी त्याची माफी मागितली. ते शब्द इथे लिहिण्याजोगे नव्हते. तो ऐकत होता की नाही कुणास ठाऊक.

गाडी लागलेली होती. मी म्हणालो की मी लिहून काढतो, संस्थेला पत्र पाठवतो, सगळ्यांना कळवतो. तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहून बोलला. आवाज चढवला नाही.

"लिवा. पन आता कोनाले सांगू मी, मधुभाऊ? सर मेले. माय मेली. ज्याइले सांगाचं होतं थे कोनी राह्यलं नाही. तुमी एवढे वर्स येत गेले. एकदा तरी, माय होती तवा..." पुढचं त्याने सोडून दिलं. "आता येत नका जाऊ."

मी गाडीत चढलो. संस्थेला नंतर पत्र लिहिलं. त्या काळचे कागद आता उपलब्ध नाहीत, असं दोन ओळींचं उत्तर आलं. म्हणून हे.

त्या दिवशी चालकाचा चहा व्हायचा होता, गाडी बराच वेळ उभीच राहिली. मला वाटलं तो घरी गेला असेल. पण खिडकीतून दिसलं, तो स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरला होता. हॉटेलात बसून चहा पिताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. बाकावर एक तरुण माणूस बसला होता, पायाशी खताची पिशवी, हातात मोबाइल. तुळशीराम त्याच्या शेजारी बसला. समोर आलेल्या कपाला त्याने हात लावला नाही. त्या माणसाकडे वळून बोलू लागला. काचेमुळे ऐकू येत नव्हतं. पण तो हातांनी दाखवत होता : दोन घोडे शेजारी शेजारी, इकडच्या नळ्या, तिकडच्या नळ्या, मग एक गोल फ्लास्क. त्या माणसाने मोबाइलमधून मान वर काढली, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सभ्यपणे जरा सरकून त्याला जागा करून दिली. तुळशीराम सरकला नाही. तो बोलतच होता. गाडी सुरू झाली तेव्हाही.